शकुंतलेची पट्टी तुटू देऊ नका

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली.

महोदय,


‘शकुंतला’ ही लहान गाडी जिथून धावायची त्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाबद्दल आपल्या मंत्रालयात आजवर आलेल्या निवेदनांचा गठ्ठा केला तर त्यात बहुतेक एकच मागणी सापडेल. आमची शकुंतला सुरू करा, ब्रॉडगेज करा. माझी मागणी त्याहून लहान आहे. गाडी कधी सुरू करायची हे आपण ठरवा. पण ती ज्या जमिनीवरून धावत होती ती सुमारे १९० किलोमीटरची पट्टी तोवर कुठेही तुटू देऊ नका. एवढं मागायला मी बेळ्ळंदूरहून पत्र लिहिते आहे. बेळ्ळंदूरचा आणि वऱ्हाडातल्या लहान गाडीचा काय संबंध, ते आधी सांगते.

मी मूळची दारव्ह्याची. नोकरीमुळे बेंगळुरूत आले आणि आउटर रिंग रोडच्या आसऱ्याने बेळ्ळंदूरला स्थिरावले. बाहेरच्यांना हे नाव ठाऊक असतं ते फेसाळणाऱ्या, मधूनच पेट घेणाऱ्या तळ्यामुळे. इथल्यांना ते ठाऊक असतं ट्रॅफिकमुळे. मराठी माणसं इथे पुष्कळ आहेत. गणपतीत तर सोसायट्यांतून ‘सुखकर्ता’ कानडी उच्चारांतही ऐकू येतं. या सगळ्या गजबजाटाच्या पाठीमागे बेळ्ळंदूर रोड नावाचं एक लहानसं स्टेशन आहे, बैयप्पनहळ्ळी–होसूर–सेलम मार्गावरचं. शेजारच्या टॉवरमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या कित्येकांनी ते पाहिलेलंही नाही. मात्र उपनगरी रेल्वेचा हीललिगे–राजानुकुंटे हा ‘कनक’ मार्ग इथूनच जायचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १४८ किलोमीटरच्या या उपनगरी रेल्वेला मंजुरी दिली. काम रखडतंय, लोक वैतागलेत, ते सोडा. बेंगळुरूसारख्या शहरात एवढी लांब रेल्वे आखता तरी आली, कारण बऱ्याच ठिकाणी रुळांच्या कडेची जमीन रेल्वेच्या ताब्यात आधीपासून होती. आज आउटर रिंग रोडलगत कोणी नव्याने अशी पट्टी मागून बघावी. ज्या भावाने इथे फूट-फूट जमीन विकली जाते, त्या भावात रेल्वेचं अंदाजपत्रक पहिल्याच स्टेशनाला संपेल.

याच मार्गाने पुढे गेलं की जमिनीची पट्टी हातची गेल्यावर काय होतं तेही दिसतं. बेळ्ळंदूरवरून जाणारी गाडी होसूर आणि धर्मपुरीला जाते. त्या भागात पूर्वी अडीच फुटी गेजची लहान गाडी होती. १९०६ साली ती मोरप्पूर ते धर्मपुरी सुरू झाली आणि १९१३ मध्ये होसूरला पोचली. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची निकड पडली तेव्हा देशातल्या बऱ्याच शाखामार्गांचे रूळ उपटले गेले, त्यांत हाही गेला. पुढे साठच्या दशकात सेलम–बेंगळुरू मीटरगेज झाली आणि होसूर, धर्मपुरी पुन्हा रेल्वेवर आले. मोरप्पूर–धर्मपुरी हा तुकडा मात्र राहून गेला. तो अवघा ३६ किलोमीटरचा, पण चेन्नईच्या मुख्य मार्गाला जोडणारा, म्हणून धर्मपुरीकर पिढ्यानपिढ्या तो मागत राहिले. अखेर मार्च २०१९ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्यानंतर गाडं अडलं ते जमिनीपाशी. एकेकाळी जिथून रोज गाडी जात होती, तिथली जमीन पुन्हा मोजायची, पुन्हा घ्यायची, पुन्हा पैसे द्यायचे. इंजिन, डबे, पूल, स्टेशनं हे सगळं पैसे टाकले की उभं राहतं. गावागावांतून, शेताशेतांतून सलग गेलेली चिंचोळी जमीन एकदा विस्कटली की ती पुन्हा सलग करणं फार जड जातं.

उलट उदाहरणही बेंगळुरूच्याच उत्तरेला आहे. मला आणि इथल्या काही मित्रमैत्रिणींना जुने रेल्वेमार्ग धुंडाळत फिरण्याचा नाद आहे. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात, आणि उन्हातान्हात एखाद्या मोरीखाली वाकून दगडांचे सांधे बघताना त्यांचं म्हणणं पटतंही. आमचा आवडता मार्ग म्हणजे यलहंका–देवनहळ्ळी–चिक्कबळ्ळापूर. तिथे १९१५ मध्ये अडीच फुटी ‘लाइट रेल्वे’ आली. पुढे चिक्कबळ्ळापूरहून कोलारकडेही अशीच गाडी होती. नंतर सगळ्याचं ब्रॉडगेज झालं. कोलारचा तुकडा बरीच वर्षं बंद राहून २०१३ मध्ये मोठ्या रुळांवर पुन्हा सुरू झाला.

या मार्गावर फिरताना जुनं काय उरलं हे ओळखायच्या काही खुणा आहेत. ब्रॉडगेजला तीव्र वळण चालत नाही, लहान गाडीला चालायचं. त्यामुळे जिथे नवा मार्ग वळण सोडून सरळ निघतो, तिथे जुना मातीचा बांध शेतात एकटाच मागे राहतो, नको इतका अरुंद आणि नको इतका नीट चढाचा. रागी-तुरीच्या मधून असा एखादा बांध जाताना दिसला की समजावं, पाणी अडवायला हा कोणी घातलेला नाही. मोऱ्या घडीव दगडाच्या असतात, पण इतक्या बुटक्या की त्यावरून गाडी जायची यावर पोरांचा विश्वास बसत नाही. नंदी हॉल्ट, देवनहळ्ळी, दोड्डजाला, आवतिहळ्ळी ही शंभरी ओलांडलेली स्टेशनं अजून उभी आहेत: मंगळुरी कौलं, भिंतीपासून चांगल्या पुढे आलेल्या पडव्या. नव्या फलाटांना त्यांची गरज उरली नव्हती. तरी ती पाडली गेली नाहीत, आणि वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या बेंगळुरू शाखेने रेल्वेबरोबर त्यांच्या जतनाचं काम हाती घेतलं.

तरीही माझ्या लेखी या मार्गावरची सगळ्यात बोलकी गोष्ट त्या देखण्या स्टेशनांपैकी नाही. जानेवारी २०२१ मध्ये इथे विमानतळाचं हॉल्ट स्टेशन सुरू झालं. ज्यांनी १९१५ मध्ये ही लाइट रेल्वे आखली त्यांच्या स्वप्नातही विमानतळ नसणार. पण त्यांची पट्टी जागेवर होती, म्हणून शतकानंतर तिथे एक फलाट बांधून विमानतळाला रेल्वे देता आली. गाड्या कमी आहेत, वेळा गैरसोयीच्या आहेत, टॅक्सीवाल्यांचा धंदा काही बुडालेला नाही. तो दोष वेळापत्रकाचा आहे आणि वेळापत्रक एका सहीने बदलता येतं.

आता आमच्या शकुंतलेकडे येते.

१९१० मध्ये मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर आणून मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला पोचवायचा, हा सरळ हिशेब. एक फाटा यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला यायचा. दुसरा अचलपूरहून अंजनगाव, दर्यापूर करत तिथेच मिळायचा. यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती, चार जिल्ह्यांतून गेलेली गाडी. स्वातंत्र्यानंतर खासगी रेल्वे एकामागून एक सरकारजमा झाल्या, महाराष्ट्रातलीच बार्शी लाइट १ जानेवारी १९५४ ला झाली, पण ही राहिली. मालक कंपनी आणि चालवणारी मध्य रेल्वे, असं हे विलक्षण लग्न कित्येक दशकं टिकलं. ‘इंग्रजांना अजून भाडं जातं’ अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी छापून येत. त्या वाचून लोक चिडत, आणि चिडून झालं की तिकीट काढून त्याच गाडीत बसत.

इंजिन मँचेस्टरचं, १९२१ मध्ये बांधलेलं, झेडडी वर्गातलं. १९२३ पासून त्याने गाडी ओढली ती १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेल आलं. वेग मात्र तोच राहिला. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटरला चारेक तास. मोजून सात माणसं सगळी गाडी हाकायची. फाटक आलं की गाडी थांबे, एक जण उतरून फाटक लावे, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येऊन चढे. तिकिटं तेच फाडत, इंजिन तेच सोडवत आणि जोडत. दारव्ह्याच्या माझ्या मामांना यात काहीच नवल वाटत नसे. ते म्हणत, “अवं, गाडी आपल्यासाठी थांबते, आपन गाडीसाठी नाही थांबत.” एसटीच्या निम्म्याहूनही कमी भाड्यात बाजाराच्या पाट्या, शेळी, आजारी माणूस, परीक्षेची पोरं सगळं मावायचं. म्हणूनच ही गाडी बंद पडली तेव्हा नुकसान झालं ते ज्यांच्याकडे मोटारसायकल नव्हती त्यांचं, आणि त्यांची निवेदनं टाइप होत नाहीत.

२०१६ मध्ये आपल्या मंत्रालयाने या मार्गाच्या ब्रॉडगेजसाठी १५०० कोटी जाहीर केले. आमच्याकडे पेढे वाटले गेले. पण आधी यवतमाळची आणि मग अचलपूरची गाडी बंद झाली, आणि ब्रॉडगेजचं घोंगडं अजून भिजतंच आहे. लोक आंदोलनं करतात, रुळांवर बसतात. ज्या रुळांवरून गाडीच जात नाही तिथे रेल रोको करायचा, हा प्रकारही बहुधा आमच्याकडेच.

दिवाळीत गावी गेले की मी त्या रुळांवरून चालते. रेल्वे कायद्यात हे बसत नाही याची कल्पना आहे. पण सांधेवाला नाही, सिग्नल नाही, गाडी नाही. अडवायला असतात त्या फक्त बाभळी. दोन रुळांमधे बरोबर अडीच फूट अंतर आहे, माझ्या एका ढांगेएवढं. खडीतून तरोटा आणि गाजरगवत उगवलेलं. कुठे रुळाला दावं बांधून म्हैस उभी केलेली, कुठे रुळांवर सरपणाचे भारे वाळत टाकलेले, म्हणजे खालून हवा लागते. गुडघे टेकून गवत बाजूला केलं की रुळाच्या पोटावर उठवलेली कारखान्याची अक्षरं आणि साल हाताला लागतं. दिसण्याआधी बोटांना कळतं, कारण गंजाने ती अक्षरं भरून गेलेली असतात. पुढे एका जागी दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे चारांपैकी दोन बोल्ट गायब. आणखी पुढे एक अख्खी फिशप्लेटच नाही. चावीवाला रोज हातोडा घेऊन चालत होता तोवर असं कोणी करू धजलं नसतं.

बोल्ट गेल्याची मला तेवढी चिंता नाही. लोखंड नवं मिळेल, आणि ब्रॉडगेज झाली तर हे रूळ तसेही भंगारात जायचे आहेत. माझी चिंता रुळाच्या दोन्ही बाजूंची आहे. तिथे दरवर्षी नांगराचं एक तास आत सरकतं. हे कोणा शेतकऱ्याला चोर ठरवण्यासाठी लिहीत नाही. पडून राहिलेली जमीन समोर असेल तर कोणीही कुणबी पेरणारच, आमच्या घरच्यांनीही पेरली असती. पण गावाजवळ पट्टीवर शेड उभी राहते, मग तिला वीज मिळते, मग घरपट्टी लागते. पाच-दहा वर्षांनी आपले मोजणी अधिकारी येतील तेव्हा ३६ किलोमीटरच्या मोरप्पूरचा खटाटोप आमच्याकडे १९० किलोमीटरचा झालेला असेल. दारव्ह्याहून पुसदकडे जाणारा लहान गाडीचा एक फाटाही फार पूर्वी उखडला गेला. आज वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा मार्ग पुसदवरूनच न्यायचा चालला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातला वर्धा–कळंब तुकडा सुरू झाला, चांगली गोष्ट झाली. पुसदच्या नशिबी मात्र रेल्वे दुसऱ्यांदा येते आहे ती पहिल्या वेळेचं काहीही हाताशी नसताना.

यावर तोडगा नवा शोधायला नको. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यातच तरतूद झाली: रेल्वे कंपनीला मार्ग बंद करायचा असेल तर ती तो पायवाटेसाठी देऊ शकते, आणि तसं केलं तर मार्ग कायमचा बंद झाला असं धरलं जात नाही. उद्या गरज पडली की रूळ पुन्हा घालता येतात. म्हणजे जमीन ठेवीत टाकल्यासारखी राहते. शेजारच्या जमीनमालकांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण नेलं. १९९० मध्ये न्यायालयाने तरतूद उचलून धरली. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद मार्गांवर चालण्या-सायकलीच्या वाटा होत गेल्या, आज त्या ३००० किलोमीटरहून जास्त आहेत. वापरात असलेल्या वाटेवर अतिक्रमण होत नाही, ही यातली खरी गोम. कुंपण घालून जमीन राखणं महागात पडतं. रोज चार माणसं जात असली की तीच राखण करतात.

आमच्याकडे सायकलीचा ट्रॅक म्हटलं तर लोक हसतील, हे कबूल. पण पांदण रस्ता म्हटलं तर गावच्या गाव सह्या करेल. शेतात जायला वाट नाही म्हणून वऱ्हाडात भाऊबंदकी होते, कोर्टकचेऱ्या होतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना काढली ती याच दुखण्यावर. रेल्वेची पट्टी रेल्वेच्याच मालकीची ठेवून, रूळ काढलेल्या किंवा काढायच्या ठरलेल्या भागांत ती तात्पुरती पांदण म्हणून जिल्हा परिषदेकडे सोपवता येईल. पायी, सायकल, बैलगाडी चालेल. अवजड ट्रॅक्टर-ट्रॉली नको, कारण मोऱ्या शंभर वर्षांच्या आहेत. करारात स्पष्ट लिहा की जमिनीचा एक इंचही हस्तांतरित होत नाही आणि रेल्वेला हवी तेव्हा ती परत मिळेल.

यावर आमच्याच लोकांचा आक्षेप येणार हेही सांगून ठेवते. ‘पांदण देऊन गाडी कायमची गिळायचा हा डाव आहे’, असं अचलपूरचे, मूर्तिजापूरचे कार्यकर्ते म्हणतील. त्यांना तसं वाटण्यासारखं आजवर घडलंही आहे. म्हणून आदेशात ब्रॉडगेजचा प्रकल्प रद्द होत नाही हे वाक्य पहिलं असावं, शेवटचं नव्हे. आणि ज्या भागात रूळ अजून धड आहेत तिथे त्यांना हातही लावू नये.

ब्रॉडगेज खरोखर आली तर ती सगळीकडे जुन्या बांधावरून जाणार नाही, हे मला कळतं. बांध रुंद करावा लागेल, वळणं सोडवावी लागतील, पूल नव्याने बांधावे लागतील. तेव्हा जुन्या स्टेशनांचे, मोऱ्यांचे काही तुकडे बाजूला पडतील, चिक्कबळ्ळापूरकडे पडले तसे. ते पाडण्याआधी त्यांची नोंद करून ठेवावी, मोजमापं, फोटो, नकाशे. नंदी हॉल्टला जमलं ते दारव्ह्याला आणि अंजनगावला न जमायला काय झालं? आणि इमारतींच्या आधी माणसं. शकुंतलेवर नोकरी केलेले गार्ड, ड्रायव्हर, गँगमन आता निवृत्त आहेत, म्हातारे आहेत. वाफेचं ते इंजिन थंडीच्या दिवसांत पेटवायला पहाटे किती वाजता उठावं लागे, चढावर चाकं घसरायला लागली की काय करत, हे सांगणारे कोणी तरी मूर्तिजापुरात अजून भेटतात. ते गेल्यावर हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. यासाठी १५०० कोटी लागत नाहीत. एखाद्या विद्यापीठाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एक उन्हाळा पुरेल.

हीच गोष्ट पाचोरा–जामनेरची आणि पुलगाव–आर्वीची. तिथे लहान गाडी गेली आणि मोठीच्या घोषणा झाल्या. जिथे काम सुरू होतंय तिथे उत्तम. जिथे होत नाही तिथे निदान हद्दीचे दगड तपासून घ्या.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. पट्टीची मोजणी करायचं मनावर घेतलंत तर ती पावसाळ्यात ठेवू नका. पाऊस लागला की तरोटा वाढत कमरेएवढा होतो आणि हद्दीचा दगड हात-दोन हातांवर असून दिसत नाही. दिवाळीला कापूस उभा असतो, शेतकरी त्यातून मोजणीची साखळी ओढू देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. पऱ्हाटी उपटून झाली की मार्चपासून मेअखेरपर्यंत रान मोकळं असतं. तेवढ्या अवधीत रेल्वेचा आणि भूमी अभिलेखचा माणूस एकत्र पाठवा, वेगवेगळे आले की एकमेकांचा नकाशा मान्य करत नाहीत. मोजणीच्या नकाशाची एक प्रत वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. गावाला हद्द दिसली की निम्मे वाद तिथेच मिटतील, आणि उरलेले कोणाकडे न्यायचे तेही गावालाच कळेल.

आपली,
बेळ्ळंदूरला राहणारी एक दारव्हेकर

बेळ्ळंदूर, बेंगळुरू